ताणावरची मोसंबी

यंदा माघ लागला नाही तोच पंखा लावावा लागला. सकाळी दूध आणायला जाताना स्वेटर, दुपारी अंगावर बनियनसुद्धा नको, आणि संध्याकाळी कुठून तरी राखट ढग येऊन कॉलनीवर बसलेले. पडणार नाहीत, जाणारही नाहीत. शोभानं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीनं, लोकरीचे कपडे धुऊन ट्रंकेत घातले, तर लगेच बोचरा वारा सुटला आणि ट्रंक पुन्हा उघडावी लागली. "हवेला वेड लागलंय का काय?" ती म्हणाली. मी म्हटलं, हवेला काही लागलेलं नाही, ती मुळातच अशी आहे. आपणच नाहक तिच्यावर भरवसा टाकतो.

माघ-फाल्गुनाचा हा सांधा मला कधीच आवडला नाही. कविता करणारे याला वसंताची चाहूल वगैरे म्हणतात. म्हणोत बापडे. त्यांच्या दारात झाडं नसणार. ज्याच्या दारात चार कुंड्या आणि एक झाड आहे त्याला विचारा ही चाहूल काय चीज असते. कोथिंबीर पेरावी, तर ऊन असं चढतं की वीतभर व्हायच्या आत ती फुलोऱ्यावर येते. गुलाबानं कळी धरली की ढग येतात, आणि ढगाबरोबर मावा. कळीच्या देठावर हिरव्या किड्यांची इतकी दाटी, की बोट लावायची किळस यावी. मोगरा छाटला तर थंडी परत फिरते, आणि नाही छाटला तर बसा उन्हाळाभर पानं बघत. लोक म्हणतात, बाग केली की माणसाला आशा वाटते. मला काही तसं वाटलेलं नाही. बाग केली की माणसाला रोज सकाळी काही तरी मेलेलं दिसतं, एवढं खरं.

कंपाउंडच्या कोपऱ्यात मोसंबीचं झाड आहे. आज सकाळी त्याच्यापाशी उभा होतो. एका फांदीला मागची सुरकुतलेली फळं, दुसरीला कोवळी पालवी, तिसरीला चार-दोन फुलं, आणि मधली एक फांदी शेंड्याकडून वाळत आलेली. कधी काय करायचं हे त्याला आता उमगत नाही. सांगणारं माणूस राहिलं नाही, म्हणून असेल. हे झाड आक्कानं लावलं होतं.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिचं सासर गंगापूरकडं, आणि सासरी मोसंबीची बाग. दाजी गेले, मूलबाळ नव्हतं, दिरांनी बागेकडं बोट दाखवून "आता तुमचं काय काम हितं" असं विचारायच्या आत ही आपण होऊन निघाली. एसटीतून उतरली तेव्हा एका हातात पत्र्याची पेटी आणि छातीशी धरलेलं पिशवीतलं मोसंबीचं कलम. मला वाटलं, रडेल. ती रडलीबिडली नाही. गारखेड्यातल्या आमच्या नव्या घराचं अंगण तिनं पायानं उकरून बघितलं आणि म्हणाली, "समदा मुरूमच हाये की रे बापू. बरंय. मोसंबीला काळी माती बी लई मानवत नाय." मग जिथं मी स्कूटर लावायचं ठरवलं होतं, तिथंच खड्डा घ्यायला लावला. मी तकरार केली. "स्कूटर काय फळं देणार हाये व्हय?" हा तिचा सवाल. स्कूटर पुढं बारा महिने गेटबाहेर उन्हात उभी असायची.

मोसंबीची एक रीत आहे, ती मला आक्कामुळं कळली. या झाडाला भरभरून फुलं हवी असतील, तर आधी त्याला तहानेनं तळमळवावं लागतं. थंडीत त्याचं पाणी तोडायचं. बुंध्याभोवतीची माती हलकेच उकरून मुळ्यांना ऊन दाखवायचं. झाड कोमेजतं, पानं पिवळी पडतात, गळतात. याला ताण देणं म्हणतात. मग दिवस बघून शेणखत घालायचं, आळं करायचं, पहिलं पाणी हलकं द्यायचं, दुसरं जरा जास्त. याला म्हणायचं ताण तोडणं. तहानलेलं झाड ते पाणी पितं आणि अंगभर फुलतं. हा झाला आंबे बहार. सगळी मेख त्या दिवसात आहे. पाणी लवकर दिलं तर थंडी फुलं जाळते, उशिरा दिलं तर ऊन जाळतं. आक्काचा नेम रथसप्तमीचा. सूर्यानं रथ फिरवला की मग पाणी, त्याआधी थेंब नाही.

शोभाला ते बघवायचं नाही. "वन्सं, मरंल की वो झाड," ती दर वर्षी म्हणायची.

"मरत नाय," आक्का म्हणायची. "मरतंय असं त्याला वाटलं पायजे. त्याबिगर फुलत नाय ते."

फुलायचंही. माघात आमच्या गल्लीत शिरलं की वासानंच कळायचं, आक्काचं झाड फुललंय. मी वाळूजच्या कारखान्यातून पाळी संपवून बसमधून उतरायचो, अंगाला तेलाचा आणि लोखंडाच्या किसाचा वास, आणि कोपऱ्यावर हा दुसरा वास समोरून यायचा. तेवढ्या अंतरात थकवा थोडा कमी व्हायचा, हे मात्र कबूल करतो.

ज्या वर्षाचं मी सांगतोय त्या वर्षी आक्काच्या किडन्या गेल्या. गेल्या म्हणजे बरेच दिवस जात असणार, आम्हाला दिवाळीच्या सुमाराला कळलं. पाय सुजले, तोंडाला चव नाही, पायऱ्या चढताना दम. मग तपासण्या, आणि मग आठवड्यातून दोनदा डायलिसिस. डॉक्टर भले होते, तरुण होते. त्यांनी मला समोर बसवून सगळं नीट समजावलं. पाणी मोजून द्यायचं. चहा, वरण, ताक, सगळं त्यातच धरायचं. शरीरातून पाणी बाहेर जायला वाट उरलेली नाही, जास्त झालं तर आधी पायांत साचेल, मग छातीत. छातीत साचलं की श्वास अडतो. फळं बंद. मोसंबी तर अगदीच वर्ज्य. हे ऐकून आक्का डॉक्टरांकडं बघून हसली. तिला कशाचं हसू आलं ते त्या बिचाऱ्याला कळलं नाही.

पाणी मोजायचं काम माझ्याकडं आलं. माझा जन्मच मोजण्यात गेला होता. कारखान्यात मी तपासणी खात्यात होतो. यंत्रावरून उतरलेला भाग हातात घ्यायचा, मोजायचा, बसला तर पुढं, नाही तर बाजूला. केसाइतका फरकही चालायचा नाही. शोभा म्हणाली, "तुमच्याच्यानंच व्हईल हे. मी पाघळंन." मग सकाळी दिवसभराचं पाणी एका बाटलीत भरून मी ती कपाटात ठेवायचो आणि त्यातलं फुलपात्रात ओतून द्यायचो. गोळ्यांबरोबर एवढं, जेवणाबरोबर एवढं. फुलपात्र कधीच भरायचं नाही. आक्का त्यात आधी वाकून बघायची, कुणी काही लपवून ठेवलंय का असं.

"मोसंबीला अन् मला संगंच ताण दिला की रे," ती पहिल्या आठवड्यात म्हणाली. आम्ही तिघंही हसलो. मोसंबीचं पाणी तेव्हा नुकतंच तोडलं होतं. नंतर ही थट्टा कुणी केली नाही.

तहान काय असते हे मला वाटतं त्या हिवाळ्यापर्यंत मला ठाऊकच नव्हतं. आमच्या शहरात पाण्याचे हाल नवे नाहीत. नळ कधी येईल याची वाट बघण्यात इथल्या माणसाची हयात जाते. पण घरात पाणी नसणं वेगळं, आणि भरलेला माठ समोर असून प्यायला बंदी असणं वेगळं. ती ओठांवरून सारखी जीभ फिरवायची. ओठ फुटून कोपऱ्यांत रक्त यायचं. शोभा ओला रुमाल लावायची, तर तो रुमाल आक्का दातांत धरून चोखायची, आणि शोभा तोंड फिरवून उभी राहायची. नळ यायचा त्या दिवशी तर गल्लीभर एकच गडबड. मोटरी घरघरतायत, हौद भरतायत, कुणी पाइप लावून ओटा धुतंय, पाण्याचा नुसता खळखळाट. मी खिडक्या लावून घ्यायचो आणि टीव्ही मोठ्यानं लावायचो. आक्का म्हणायची, "बंद कर रे ते भजन. मला ऐकू दे."

भांडायची ती. मनधरणी करायची. "एक घोट दे की रे. पोटात नाय घेत, नुसती चूळ भरते." चूळ भरायची आणि गिळायची. मी ओरडायचो. "भाऊ हायेस का जेलर?" ती विचारायची. लहानपणी मला कडेवर घेऊन विहिरीवर नेणारी, स्वतःच्या ओंजळीनं पाणी पाजणारी ही बाई, आणि मी तिच्या हातातून फुलपात्र काढून घेत होतो. मला तिचा राग यायचा. तिची कीवही इतकी यायची, की त्यापेक्षा रागावलेलं बरं वाटायचं. सगळ्यांत जास्त राग यायचा तो यानं काय साधणार आहे याचा. डॉक्टर स्पष्ट काही सांगत नव्हते, पण त्यांच्या बोलण्यात "बरं होणं" हा शब्द कधी आला नाही, हे मोजणाऱ्या माणसाच्या लक्षात आल्याशिवाय राहत नाही.

पौष संपत आला आणि हवा एकाएकी तापली. अशी तापली, की लोकांनी कूलर काढायच्या गोष्टी सुरू केल्या. आक्का व्हरांड्यात खाटेवर बसून झाडाकडं बघत होती. निम्मी पानं गळली होती, उरलेली द्रोणासारखी आत वळली होती. ती म्हणाली, "बापू, उद्या ताण तोडू."

मी म्हटलं, "रथसप्तमी कुठं झालीय अजून?"

"हवा बघ की. झाड काय कालनिर्णय बघतंय व्हय? गरमी आली म्हंजे आली. आता उशीर केला तर मोहोर जळंल."

"थंडी परत आली म्हणजे?"

"यत नाय. मला कळतंय का तुला?"

तिला कळत होतं, यात वादच नव्हता. आणि खरं सांगू का, आम्हाला बरं वाटलं. कित्येक दिवसांत तिनं पाण्याशिवाय दुसऱ्या कशात मन घातलं नव्हतं. शोभा म्हणाली, "तुम्हाला तर खायची बी नाय मोसंबी, वन्सं." त्यावर आक्का फणकारली, "मी नाय खायची म्हणून झाडानं द्यायची नाय व्हय?" मी गवळ्याकडून कुजलेल्या शेणखताचं पोतं आणलं. आळं केलं. तिनं खाटेवरून शंभर चुका काढल्या. पूर्वीची आक्का आठवावी अशी बोलत होती. मग म्हणाली, "पाणी मी घालणार. माझ्या हातानं." आम्ही तिला धरून नेलं, झाडाशेजारी स्टुलावर बसवलं, पाइप हातात दिला. "हळू सोड नळ. पयलं पाणी हलकं द्यायचं असतंय," ती म्हणाली. मी तोटी हळूच फिरवली. कोरड्या मातीवर पाणी पडल्याचा वास आला. तेवढ्यात आत फोन वाजला म्हणून मी गेलो.

परत आलो तर पाइप तिच्या तोंडात होता.

डोळे मिटलेले, मान मागं टाकलेली, दोन्ही हातांनी पाइप धरलेला. पाणी हनुवटीवरून गळ्यावर, पदरावर वाहत होतं. नरड्याची घाटी खालीवर होत होती. मी ओरडायला हवं होतं, पण क्षणभर मला ओरडताच आलं नाही. इतकं समाधान मी तिच्या चेहऱ्यावर दाजी होते तेव्हाही बघितलं नव्हतं. मग भानावर आलो आणि पाइप हिसकावला. ती चोरी पकडल्यासारखी खाली बघत राहिली, आणि ओला पदर पिळून तेही तळहातावर घ्यायला लागली.

दिवस मावळेपर्यंत तिला आडवं होता येईना. श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. रिक्षा, दवाखाना, वेळेआधीचं डायलिसिस. वाचली. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी भेटायला गेलो तेव्हा नाकात नळी होती, आणि तिनं मला हातानं जवळ बोलावलं. मला वाटलं, पाणीच मागणार.

"बापू," ती म्हणाली, "थंडी येणार हाये अजून. मला ठाऊक होतं."

मला आधी समजलंच नाही.

"पाइप हातात यावा म्हणून म्हणलं मी. ताण लवकर तोडला. झाडाचं वाटोळं केलं रे माझ्या तहानंनं." तिच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. तेवढंही नसावं अंगात. "आता पाणी बंद करू नको. येकदा तोंडाला लावलं की मंग तोडायचं नसतंय. दुसरं पाणी दे. बघू काय व्हतंय."

जन्मभर झाडं सांभाळलेल्या बाईनं मुद्दाम चुकीचा दिवस सांगितला होता. आणि मी, दिवसाचं पाणी थेंबाथेंबानं मोजणारा, त्याला फसलो होतो. मला तिचा राग आला नाही. राग संपला होता.

मी दुसरं पाणी दिलं. झाड बिचारं फुललं. त्याला काय ठाऊक, कुणी कशासाठी पाजलं. टोकाटोकाला पोपटी पालवी आली, पांढऱ्या कळ्या आल्या, आणि आक्का घरी आली त्या आठवड्यात उत्तरेचा वारा सुटला. रथसप्तमीला दुधाची खीर उतू घालताना अंगणात हात गारठत होते. शोभानं जुनी लुगडी काढून झाडाला गुंडाळली. मी पालापाचोळा पेटवून धूर केला, तर गल्लीतल्या लोकांनी डोळे चोळत खिडक्या लावून घेतल्या. सकाळी लुगडी सोडली तेव्हा एका बाजूच्या कळ्या काळ्या पडलेल्या, चुरगळल्या तर हातात भुकटी. आक्का व्हरांड्यातून म्हणाली, "उगवतीकडच्या गेल्या का मावळतीकडच्या?" मी म्हटलं, उगवतीकडच्या. "मंग निम्म्या हायेत अजून," ती म्हणाली, आणि भिंतीकडं तोंड करून निजली.

निम्म्या फुलल्या. वास आला, पण त्या वर्षी तो नकोसा वाटला. शिवरात्र आली. थंडी शिव शिव म्हणत जाते म्हणतात, तशी गेली. पाकळ्या झडून मागं मुगाएवढी हिरवी फळं धरली. मग हरभऱ्याएवढी झाली. मी कामावरून आलो की आक्का विचारायची, "केवढी झाली?" आणि मी बोटांच्या चिमटीनं दाखवायचो. मला वाटायला लागलं होतं, की निदान एवढं तरी होईल. एवढं तरी का होऊ नये? आम्ही कुणाचं काय घोडं मारलं होतं?

फाल्गुनात दुपारी अंधारून आलं. सकाळी घाम गाळणारं ऊन होतं. आधी वारा, मग शेजारच्या पत्र्याच्या शेडवर कुणी खडे फेकावेत तसा आवाज, मग एकदम धडधडाट. गारा. अंगण बघता बघता पांढरं झालं. मी डोक्यावर पाट धरून झाडाकडं धावलो, आणि तिथं जाऊन नुसता उभा राहिलो. काय करणार होतो? पानं फाटत होती, फळं टपटप पडत होती, पाटावर असा मार बसत होता की हात झिणझिणले. आलं तसं सगळं थांबलं. बुंध्याभोवती हिरव्या मण्यांचा सडा, आणि त्यात गारा.

आक्का दारात खुर्चीवर बसली होती. ती झाडाकडं बघतच नव्हती. तिच्या पायाशी एक गार घरंगळत येऊन थांबली होती, तिच्याकडं बघत होती. वाकून उचलणं तिला जमलं असतं. पण हात मांडीवर घट्ट धरून बसली होती.

"बापू," ती म्हणाली, "एक दे की."

मी ती उचलली, माठाच्या पाण्यानं धुतली आणि तिच्या जिभेवर ठेवली. "ही आजच्या पाण्यातून वजा व्हईल बरं का," मी म्हटलं. ती गार गालात धरून हसली. एका बाजूचा गाल लहान पोराच्या पेपरमिंटसारखा फुगला होता. झाडाचं काय झालं ते तिनं विचारलं नाही. गार संपल्यावर म्हणाली, "आता काय नाय. पावसाळ्यापर्यंत नुसतं जगवायचं." मी फळं झाडून टोपलीत भरली आणि कचऱ्यात टाकली.

हे सगळं आता आठवायचं काही कारण नाही. पण हवा अशी फिरली की आठवतं. मी निवृत्त झालो, वेळच वेळ आहे, आणि झाडाला मी ताण देत नाही. मला ते जमत नाही. जाणकार येतात, सांगतात, "अहो, पाणी तोडा, त्याबिगर बहार यायचा नाही." मी हो म्हणतो. नळ आला की पाइप आळ्यात सोडून देतो. कधी दुपारी, कधी भर थंडीत. झाड पितं, वाढतं, वेळीअवेळी दोनचार फुलं काढतं, जाड सालीची रस नसलेली फळं धरतं. शोभा म्हणते, तुम्ही लाडानं वाया घालवलंत त्याला. असेल. यंदा शेंड्याकडून वाळायला लागलंय, आणि मुळाशी पाणी साचून कुजतंय, असंही एक जण म्हणाला. तरी मला त्याला तहानलेलं ठेववत नाही. मग मरू दे ओलं, असं मी स्वतःशी म्हणतो आणि तोटी फिरवतो.

त्या वर्षीचा चैत्र लागला तेव्हा आक्का हाडांची मोळी झाली होती. डायलिसिसला नेलं की अर्ध्यातच रक्तदाब उतरायचा, यंत्र थांबवावं लागायचं. दवाखान्यातून येताना रिक्षात माझ्या खांद्यावर डोकं टाकून असायची. एकदा त्या तरुण डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. ते माझ्याकडं न बघता बोलले. म्हणाले, "काका, आता यंत्रावर त्यांना परत आणू नका. हाल होतील. पथ्याचंही आता फार बघू नका. मागतील ते द्या." मी विचारलं, "पाणी?" ते म्हणाले, "पाणीसुद्धा. हवं तेवढं."

घरी आलो. शोभाला सांगितलं. ती स्वयंपाकघरात भिंतीला टेकून खाली बसली. मी माठातलं गार पाणी तांब्याभर घेतलं, काठोकाठ, आणि आक्काच्या खाटेपाशी नेऊन ठेवलं. नेताना थोडं फरशीवर सांडलं. ज्यासाठी सारा हिवाळा भांडलो, ते सगळं तिच्यासमोर होतं. तिनं तांब्याकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं, बराच वेळ. ती काय ते समजली. डॉक्टर काय म्हणाले, हे विचारलंसुद्धा नाही.

"एवढं कशाला आणलंस?" ती म्हणाली.

"पी की आक्का. पाहिजे तेवढं पी. काही होत नाही."

तिनं मान हलवली. ओठ फुटलेले, जीभ कोरडी, शब्द चिकटून येत होते. "नको. तसं नको देऊ, बापू. मोजून दे. रोजच्यावाणी मोजून दे."

मी आत गेलो, फुलपात्र आणलं, तांब्यातून अर्धं भरलं. डोळ्यांसमोर धरून बघितलं, जरा जास्त वाटलं म्हणून थोडं परत तांब्यात ओतलं. मग तिच्या हातात दिलं आणि दरडावून म्हटलं, "हे सांजेपर्यंत पुरवायचं. पुन्हा मागितलंस तर मिळायचं नाही."

"नाय मागत," आक्का म्हणाली.